पाखऱ्या फिरायला का येत नाही?

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. सगळ्यात मोठा गुन्हेगार कोणता पकडलात आणि गोळी कधी चालवलीत. मी दोन्हींची उत्तरं देतो, विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीतली जी केस मनातून जातच नाही, जिची आठवण झाली की अजून हसू येतं, तिच्यात धड गुन्हेगारही नव्हता आणि गोळीही नव्हती. होता एक बैल.

या हकिगतीत मी कोणाचं नाव सांगणार नाही. माणसं आपापल्या घरी सुखानं नांदताहेत, त्यांना कशाला छापून आणायचं? नाव फक्त बैलाचं सांगतो. पाखऱ्या. तो काही माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही.

तेव्हा मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका अंगाला औद्योगिक वसाहतीतले कारखाने, दुसऱ्या अंगाला वीस-वीस मजली टॉवर, आणि मधे जुनी आगरी गावं. गावांच्या जमिनी टॉवरखाली गेल्या, भाताची खाचरं गेली, पण गोठे राहिले. गोठ्यात नांगराचे बैल नाहीत, शर्यतीचे आहेत. शर्यतीवरची बंदी उठल्यापासून तर त्या बैलांचा थाट काही विचारू नका. सकाळी दूध, संध्याकाळी अंडी, अंगाला तेलाची मालिश. आमच्या एका शिपायाची बायको त्याला म्हणायची, पुढच्या जन्मी मानपाड्याचा बैल व्हा, निदान वेळेवर जेवाल तरी.

एका संध्याकाळी, अजून पुरता अंधार पडायचा होता, नियंत्रण कक्षाकडून कळलं की गावाकडच्या सिमेंटच्या रस्त्यावर रिक्षा कलंडून दिव्याच्या खांबावर आदळली आहे, आत बसलेली बाई जखमी आहे. असले तपास एरवी उपनिरीक्षकांकडे जातात. पण माझे दोन्ही उपनिरीक्षक निवडणुकीच्या बंदोबस्तात अडकले होते, म्हणून हवालदाराला घेऊन मीच निघालो.

पोहोचलो तर जखमी बाई तिथं नव्हत्या. गावकऱ्यांनी त्यांना अलगद उचलून, स्वतःच्या गाडीत झोपवून दवाखान्यात नेलंही होतं. रिक्षा दोघातिघांनी सरळ करून कडेला लावली होती. रिक्षावाला दुभाजकावर बसला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, रत्नागिरीकडचा माणूस. कपाळावर टेंगूळ आलेलं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, आणि हातात बायकांची एक चप्पल.

"बाईंची आहे," तो म्हणाला. "दुसरी सापडत नाहीये."

"काय झालं?"

"बैल आला साहेब. पांढरा. उजवीकडनं सुसाट आला, एकदम समोर. मी त्याला वाचवायला गेलो नि गाडी खांबावर गेली."

मी आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. दहाबारा माणसं होती. विचारलं, बैल कोणी पाहिला?

"बैल नाय दिसला सायेब," एक जण म्हणाला.

"बैल नाय दिसला," दुसरा म्हणाला.

तिसराही तेच म्हणाला, त्याच शब्दांत आणि त्याच सुरात. पोलिसात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. एकच घटना पाच जणांनी पाहिली तर पाच वेगवेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं रिक्षा जोरात होती, कोणी म्हणतं हळू होती, कोणी तिचा रंगसुद्धा चुकीचा सांगतं. सगळे एकच वाक्य बोलायला लागले की समजावं, वाक्य आधी ठरलंय. पण माझा पेच वेगळाच होता. या माणसांनी बाईंना सख्ख्या आईसारखं उचलून नेलं होतं. इतकी भली माणसं खोटं कशासाठी बोलतील?

आणखी एक गोष्ट डोळ्यात भरली होती. रस्त्याचा एक पट्टा ओला होता, नुकतंच पाणी मारल्यासारखा.

"रक्त पडलेला, धुतला," मघाचाच माणूस म्हणाला.

मी पंचनाम्यात लिहून घेतलं आणि पुढं गेलो.

दवाखान्यात बाईंचा मुलगा भेटला. चांगल्या कंपनीत नोकरीला, घाईघाईत आलेला, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करायचं होतं. त्याचा संताप मला समजत होता.

"सर, तो शंभर टक्के मोबाईल बघत असणार. नाहीतर प्यायलेला असेल. बैल म्हणे! डोंबिवलीत बैल? मला स्ट्रिक्ट अॅक्शन पाहिजे. त्याचा रिक्षा चालवायचा बॅज कॅन्सल करा."

बाई मात्र शांत होत्या. मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून काही संध्याकाळी त्या एका बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवायला जायच्या, आणि कित्येक वर्षं याच रिक्षानं जायच्या. वेदना सोसत त्यांनी जबाब दिला.

"मी पिशवीत चष्म्याची डबी शोधत होते. मान खाली होती. एकदम गाडी कलंडली. बैल मी पाहिला नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही. पण तो माणूस खोटं बोलणारा नाही. हे लिहा."

"बाई, जबाबात मत लिहिता येत नाही. फक्त पाहिलेलं, ऐकलेलं."

"मग कसला तुमचा जबाब?" त्या म्हणाल्या. मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे रिक्षावाल्याला सोडलं. रिक्षा मात्र जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली. आमच्या आवारात तेव्हा गाड्यांचं एक छोटं स्मशानच होतं. अपघातातल्या, चोरीतल्या, कोर्टाच्या निकालाची वाट पाहणाऱ्या. कुठं टायर बसलेले, कुठं सीटमधून गवत उगवलेलं. त्यांच्या शेजारी ती रिक्षा उभी केली तेव्हा रिक्षावाल्यानं तिच्या हुडावरची धूळ रुमालानं पुसली.

वैद्यकीय तपासणीत दारूचा थेंब निघाला नाही. मोबाईलची माहिती मागवली, अपघाताच्या वेळी फोनवर काहीच नव्हतं. मग खांबावर गेला कसा? रस्त्यावरचा एकमेव कॅमेरा एका कारखान्याचा, आणि त्याच्यापुढं गुलमोहराची फांदी आलेली. रिक्षा फांदीमागे जाताना दिसत होती आणि मग काहीच दिसत नव्हतं. बैलाशिवाय त्या माणसाकडे दुसरा बचाव नव्हता, आणि बैलाला साक्षीदार नव्हता. बॅज गेला असता तर त्या वयात त्याला दुसरा धंदा कोण देणार होतं?

तो रोज ठाण्याच्या फाटकाशी यायचा. मला वाटलं, बॅजचं विचारायला येतो. पण त्याचा प्रश्न भलताच असायचा.

"साहेब, बाईंना काय वाटतंय? मी खोटं बोललो असं वाटतंय का?"

"तुला बॅजची काळजी नाही का रे?"

"आहे की. पण बॅज गेला तर वॉचमनचं काम तरी बघीन. बाईंनी मला खोटारडा समजलं तर मी काय करू?"

मी त्याला दोनदा नीट विचारलं, म्हणजे पोलीस विचारतात तसं, तोच प्रश्न पाच बाजूंनी. तो डगमगला नाही. शेवटी त्याला घेऊन जागेवर गेलो आणि म्हटलं, जसं घडलं तसं करून दाखव. मी रिक्षा, तू बैल, नाही, तू तूच राहा, हवालदार बैल होईल. माझा हवालदार मूळचा तिथलाच, पोट सुटलेला, गमत्या माणूस. एरवी अशा कामाला हसत हसत उभा राहायचा. त्या दिवशी बैल व्हायला सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, अपमान वाटला असेल.

"आधी ब्रेक मारलास की आधी हँडल फिरवलंस?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

त्यानं हवेत हँडल धरून हात फिरवून पाहिला.

"हँडल, साहेब. ब्रेक मागनं लागला."

"का?"

"जनावर होतं ना. गावाला आमच्याकडे गाईचा पाडा होता, मीच वाढवलेला. डोळ्यासमोर आला नि हात आपोआप फिरला. बैल ज्या बाजूला पळत होता त्याच बाजूला मी पण वळलो. डोकंच चाललं नाही."

तिथंच माझी खात्री पटली. खोटं रचणारा माणूस स्वतःला शहाणा ठरवतो. तो सांगेल, मी हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला, सगळं केलं, नशीबच फुटकं. हा माणूस स्वतःच्याच गळ्यात चूक बांधून घेत होता. म्हणजे बैल होता.

पण नुसती माझी खात्री कोर्टात काय कामाची?

धागा मिळाला तो नाक्यावरच्या चहावाल्याकडून. साताऱ्याकडचा माणूस, बैलांचा शौकीन. एकदा चहाचा ग्लास माझ्या पुढ्यात ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुम्ही बैल शोधताय म्हणं. त्या दिवशी मी काय बघितलं नाही, मी दुकानातच होतो. पण एक विचारू का? पाखऱ्या फिरायला का येत नाही?"

"कोण पाखऱ्या?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तालुक्याच्या आमदाराचं नाव विचारलं होतं. पाखऱ्या म्हणजे शेजारच्या गावातल्या एका शेठचा बैल. पांढराशुभ्र. रोज संध्याकाळी त्याला त्याच सिमेंटच्या रस्त्यावरून फिरवायला आणायचे, पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरायचे. अपघात झाल्यापासून तो रस्त्यावर कोणाला दिसलाच नव्हता. आणि शर्यत तोंडावर आली होती. शर्यत जवळ आली की बैलाचं फिरणं वाढतं, बंद होत नाही.

मी हवालदाराकडे वळलो. तो पट्ट्याचं बक्कल घासत होता. आधीच चकचकीत असलेलं.

"हे शेठ तुमच्या ओळखीचे?"

"सर," तो म्हणाला, "मला उद्या सुट्टी मिळंल का?"

"का?"

"ती माझी सासुरवाडी हाय."

सुट्टी दिली नाही. पण त्याची खरडपट्टीही काढली नाही. सासुरवाडीत तपासाला जाणाऱ्या हवालदाराला देवानंच शिक्षा दिलेली असते.

शेठचा बंगला तीन मजली, दारात मोठी गाडी, गच्चीवर कलश. माणूस साठीचा, गळ्यात सोन्याची साखळी, वागायला अगदी अदबीचा. त्यानं चहा मागवला. मी आधी गोठा पाहायला मागितला. गोठा कसला, आमच्या ठाण्यातल्या विश्रांतीच्या खोलीपेक्षा नेटका होता. खाली रबराची चटई, वर दोन पंखे, भिंतीवर जिंकलेल्या ढाली. पण बैल नव्हता.

"पाखऱ्या कुठंय?"

"गावाला पाठवलाय सायेब. मामाकडं, मुरबाडला. हवापालट."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

दावणीशी एक घमेलं होतं. त्यात भिजवलेला भुसा, हात लावला तर अजून ओला. मी हात रुमालाला पुसला. घरात येऊन सोफ्यावर बसलो, चहाचा कप उचलला. हवालदार दाराशी भिंतीला चिकटून उभा. शेठ मुरबाडच्या हवेचं कौतुक करत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून, देवघराच्या शेजारून, एक भलामोठा फुरफुराट ऐकू आला, आणि पाठोपाठ घुंगरं वाजली.

शेठनं मुरबाडची हवा अर्ध्यावर सोडली. मी कप खाली ठेवला. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"सून हाय," शेठ म्हणाला. "सर्दी झालीय तिला."

हे ऐकून हवालदाराला ठसका लागला. आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली शेठची बायको पदर तोंडाला लावून पुढं आली.

"पुरं झाला आता," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सायेब, मना खोटा बोलता येत नाय. आत हाय तो. पर त्याला नेऊ नका, हात जोडतंय मी."

आतल्या खोलीत पाखऱ्या उभा होता. गालिचा गुंडाळून भिंतीला लावलेला, खाली गाद्या पसरलेल्या, एसी चालू, आणि शोकेसच्या काचेत त्याच्या शिंगांचं प्रतिबिंब. असा देखणा बैल मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या पुढच्या उजव्या गुडघ्यावर हळदीचा लेप लावून पट्टी बांधली होती. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खाकी बाहीचा वास घेतला.

मग शेठनं सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी बैल नेहमीप्रमाणे फिरायला काढला होता. मागून फटाक्यासारखा आवाज करणारी बुलेट गेली, बैल बिचकला, हातातून कासरा सुटला आणि तो रस्ता ओलांडून धावत सुटला. रिक्षा त्याच्या अगदी जवळून गेली. बैल सिमेंटवर घसरून पडला, गुडघा सोलवटला. रस्त्यावर रक्त पडलं होतं ते खरं, पण ते बाईंचं नव्हतं, पाखऱ्याचं होतं. ते आणि शेण धुऊन काढायला गावानं पाणी मारलं होतं.

"पण लपवलंत कशाला?" मी विचारलं. "तुम्ही बाईंना दवाखान्यात नेलंत, रिक्षा उचललीत. मग एवढं खोटं कशाला?"

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा बोलायला लागला.

"सायेब, अपघातात जी गाडी सापडते ती तुमी जप्त करता. खरा ना? मी बघितलंय तुमच्या ठाण्यात. माझ्या पुतण्याची मोटारसायकल तिथं सडली, तिच्यात झाड उगवला. मंग अपघातात बैल सापडला तर बैल जप्त होनार. मुद्देमाल. त्याला तुमी तिथं उन्हात बांधनार, कोर्टाची तारीख पडत रानार, आनि माझा पाखऱ्या..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मना आत टाका. गुना माझ्यावर लावा. पन त्याला तिथं बांधू नका."

मला आधी हसू आलं. मग लाज वाटली हसल्याची. अख्खं गाव, माजी सरपंचापासून पोराटोरांपर्यंत, एका बैलाला आमच्या आवारातल्या भंगारापासून वाचवण्यासाठी खोटं बोललं होतं. आणि हवालदार! तोही त्यातलाच. मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही तरी सांगायचं होतंत त्यांना की बैल असा जप्त होत नाही."

"सर," तो खाली मान घालून म्हणाला, "मला बी नक्की ठाव नव्हतं."

मी शेठला समजावलं. कोर्टापुढं फक्त एवढंच येईल की बैल होता, सुटला आणि रस्त्यावर आला. पशुवैद्यकाचा दाखला घेऊ, फोटो घेऊ, बैल तुमच्याच गोठ्यात राहील. जनावराच्या बाबतीत हलगर्जीपणा केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल, तो छोटा आहे, भोगा. त्यानं अशी मान डोलावली की जणू मी त्याला बक्षीस जाहीर केलं.

"आता एक विचारतो," मी म्हटलं. "रिक्षा खांबावर का गेली, ठाऊक आहे?"

"जोरात असंल."

"जोरात नव्हती. तुमच्या पाखऱ्याला वाचवायला त्यानं हँडल फिरवलं. खांब स्वतःवर घेतला. आता तो रोज माझ्या फाटकाशी येऊन उभा राहतो, कारण त्याच्यावर कोणाचा विश्वास नाही."

शेठ बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला आणि ती म्हणाली, "देवा, आनि आमी त्यालाच बुडवत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. ठाणे अंमलदाराला वाटलं मोर्चा आला. गाव आलं होतं, आपले जबाब दुरुस्त करायला. रिक्षावाला नेहमीसारखा फाटकाशी होता. शेठ सरळ त्याच्यापुढं गेला आणि वाकला.

"भाऊ, माझा बैल तू वाचवलास."

मला वाटलं, आता गळाभेट होणार. पण रिक्षावाला दोन पावलं मागं सरला.

"आणि माझ्या बाई पडल्या त्याचं काय?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मी त्याला रागावलेलं त्या एकदाच पाहिलं. "त्यांना जाऊन सांगा बैल होता म्हणून. मला नका सांगू, मी बघितलाय."

बाई ऑपरेशन होऊन घरी आल्या होत्या. पुरवणी जबाब घ्यायला मी गेलो, शेठ आणि रिक्षावाला बरोबर. शेठनं पायातले बूट दाराबाहेर काढून ठेवले, हात जोडून सगळं सांगितलं, माफी मागितली. बाईंचा मुलगा तिथंच होता. तो ऐकत ऐकत खाली मान घालून बसला. रिक्षावाला मात्र आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेर जिन्यात उभा राहिला.

"आत ये," बाई म्हणाल्या.

तो आत आला.

"बैल होता, बाई."

"कळलं मला. बैल वाचवलास, चांगलं केलंस. मुकं जनावर." बाईंनी वॉकरवरचा हात सरळ केला. "आता मला सांग, त्या वेळी मी कुठं होते?"

"मागे. मागे बसलेल्या होतात."

"आठवण होती तुला?"

तो उभ्या जागी रडायला लागला. मुलगा उठून पाणी आणायला निघाला, पण बाईंनी त्याला हातानं थांबवलं. उत्तर येईपर्यंत त्या कोणाला हलू देणार नव्हत्या.

"नव्हती, बाई," तो म्हणाला. "त्या घटकेला नुसता बैल दिसला. तुम्ही आहात हे विसरलो."

"खरं बोललास," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं तू खरंच बोलशील. आता पुढच्या खेपेला काय करायचं ते सांग."

तो शाळेतल्या मुलासारखा डोळे पुसत सांगू लागला. जागेवर गेलो होतो त्या दिवशी मीच त्याला सांगितलं होतं ते सगळं. हँडल घट्ट धरायचं, सरळ ठेवायचं. ब्रेक सरळ रेषेत मारायचा. तीनचाकी आहे, वळवली की कलंडते. जनावर जिकडं पळतंय तिकडं वळायचं नाही.

"आणि?" बाईंनी विचारलं.

त्यानं बाईंकडे पाहिलं. "आणि मागे बाई आहेत."

त्याचा बॅज वाचला. परिवहन कार्यालयानं त्याला समज दिली, पुन्हा एकदा वाहन चालवण्याची परीक्षा घेतली, आणि मी माझ्या अहवालात जे लिहिलं ते खरं लिहिलं: जनावर अचानक आडवं आलं, चालकाचा वेग कमी होता, चालकानं रिक्षा चुकीच्या दिशेला वळवली. कोर्टानंही पुढं ते मान्य केलं.

आता निवृत्तीनंतर मी ठाणे शहरात, कोपरीला राहतो. रिक्षा स्टँडवाले, शाळेच्या बसवाले मला कधीकधी बोलायला बोलावतात. मी त्यांना जनावरांच्या स्वभावाबद्दल सांगतो, कारण कायदा त्यांना पाठ असतो, जनावर माहीत नसतं. म्हैस रस्त्यात आली की हटत नाही, तिच्यापुढं हॉर्न वाजवून फक्त स्वतःचे कान बधिर होतात, थांबा. गाय-बैल पळायला लागले की पुढंच पळतात, त्यांच्या शेपटीकडून जागा असेल तरच हळू जा, तोंडाकडून कधी नको. कुत्रा अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो, तो गेला असं समजू नका. शेळी एकटी नसते, एक गेली की मागून दुसरी येतेच. वस्तीत, गोठ्यांच्या जवळून जाताना आधीच पाय ब्रेकवर ठेवा. आणि जनावर एकदम समोर आलंच तर वेग मोडा, हँडल फिरवू नका. बिचारं जनावर वाचवायलाच हवं, मी स्वतः दोन मांजरं पाळली आहेत. पण सरळ राहून जेवढं वाचवता येईल तेवढंच वाचवा.

हे सगळं ऐकून ते माना डोलावतात. मग मी एक प्रश्न विचारतो. आत्ता तुमच्या गाडीत मागे कोण बसून आलं होतं, चेहरा आठवतो का? बहुतेकांना आठवत नाही. मीही जीपमधे मागे बसलेल्या शिपायांचे चेहरे कधी आठवून पाहिले नव्हते. समोर येणारं जनावर मोठं दिसतं, आणि मागे विश्वासानं बसलेलं माणूस आपल्याला दिसतच नाही. त्या केसनं मला हे शिकवलं.

बाईंना पुन्हा चालायला परवानगी मिळाली त्या संध्याकाळी मी सहज चौकशीला त्यांच्या घरी गेलो होतो. अभ्यासिकेत जायचं म्हणून त्या साडी नेसून, पिशवी घेऊन तयार होत्या. मुलानं मोबाईलवरून भाड्याची मोटार बोलावली होती.

"आई, गाडी आलीये खाली. एसी आहे, आरामात जाशील."

"ती परत पाठव," बाई काठी टेकत दाराकडं निघाल्या. "माझी रिक्षा खाली उभी आहे."